बाळंतिणीचं ताक

परवा फोनवर थोरलीने विचारलं, "आजी, आईच्या दुधात बॅक्टेरिया असतात, हे तुला माहीत होतं का?" मांडीवर तिचं नवं बाळ, हातात दवाखान्यातून मिळालेलं माहितीपत्रक आणि आवाजात काळजी. मी म्हटलं, माहीत होतं, पण कसं कळलं ते फोनवर सांगण्यासारखं नाही, लिहून पाठवते. तुम्ही सगळ्याच भावंडांनी वाचा, कारण ही गोष्ट तुमच्या आईची आहे. ती तेव्हा महिन्याचीही नव्हती.

मला क्रमाने सांगायची सवय आहे, म्हणून आधी घर. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही नागपुरात गांधीबागेच्या मागच्या एका गल्लीत राहायचो. खाली भाड्याने दिलेलं कापडाचं दुकान, वर आम्ही तिघं: तुमचे आजोबा, त्यांची आई आणि मी. आजोबा सरकारी कचेरीत होते. सासूबाई उमरेडच्या विणकर घरातल्या. लग्नाआधी त्या स्वतः मागावर बसायच्या, आणि सुताचा गुंता सोडवणारी त्यांची बोटं पुढेही कधी स्वस्थ बसली नाहीत. मी इंग्रजी शाळेत वाढलेली, बी.एस्सी. झालेली. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली होती, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी होण्याचा प्रश्नच नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "मी हाय ना. माय नाही म्हणून काय झालं?" आणि त्यांनी खरोखरच सगळं अंगावर घेतलं.

तुमची आई मे महिन्यात जन्मली. नागपूरचा मे तुम्ही सुट्टीत येऊन पाहिला आहे, पण एसीतून. तेव्हा घरोघर दारांना वाळ्याच्या ताट्या बांधायच्या आणि त्यांवर पाणी मारत बसायचं. आमच्याही घरात त्या होत्या, फक्त माझ्या खोलीला नव्हती. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, फटीत चिंध्या कोंबलेल्या, आणि सकाळ-संध्याकाळ खाटेखाली शेगडी. जेवणात तूपभात, लसणाची चटणी, मेथी, डिंकाचे लाडू, वरून ओवा आणि बाळंतशेपा. हे सगळं त्या स्वतः कुटायच्या, लाटायच्या, भाजायच्या, आणि मी संपवेपर्यंत समोर बसायच्या. पाणी मात्र उकळलेलं, ओव्याचं, वाटीभर. जास्त पाण्याने पोट सुटतं आणि दूध पातळ होतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

आणि ताकाचं तर नावच काढायचं नाही. रोज सकाळी स्वयंपाकघरातून रवीचा आवाज यायचा, मग जिऱ्याचा वास यायचा, आणि मी घामाने चिंब होऊन खाटेवर पडून असायचे. एकदा मागितलं तर त्या म्हणाल्या, "मागू नको वं. बाकी जे म्हणशील ते देतो."

इथे आधीच्या हिवाळ्यातली एक गोष्ट सांगायला हवी. त्या विरजण लावत होत्या, आणि मी माझं कॉलेजातलं ज्ञान पाजळत म्हटलं होतं की दूध आपोआप दही होत नाही, विरजणातले जिवंत जंतू ते करतात, मी सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहिले आहेत. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"म्हंजे आपण किडे खाऊन राहिलो काय?"

"किडे नाही, आई. डोळ्यांना न दिसणारे जंतू. आणि ते चांगले असतात."

"जंतूत कुठचे आले चांगले?"

काही दिवस त्यांनी दह्याला हात लावला नाही. मग एका सकाळी कढी केली आणि मला वाढताना म्हणाल्या, "असतीन तं असतीन. कढी सोडवत नाही माह्यानं."

आता पुन्हा मे महिना. एका दुपारी सासूबाईंचा डोळा लागलेला पाहून तुमचे आजोबा माझ्यासाठी गडवाभर ताक घेऊन आले. ते दाराशी उभे राहिले आणि मी ते एका दमात प्यायले. एवढंच झालं. पण त्यानंतर दोन-तीन दिवसांत मला कणकणून ताप भरला. छातीची डावी बाजू दगडासारखी घट्ट झाली, लाल झाली, कपडा टेकला तरी डोळ्यांत पाणी यायचं. तुमची आई उन्हाने मलूल होऊन झोपून राहायची, पुरतं प्यायचीच नाही, आणि दूध आतल्या आत साकळलं होतं. हे आज सांगता येतं. तेव्हा आम्हाला कुणालाच कळत नव्हतं.

गल्लीतल्या डॉक्टरांनी दूध तपासायला सांगितलं. जंतू निघाले तर अंगावरचं बंद करायचं, बाळाला डब्याचं द्यायचं आणि मी दूध आटवायच्या गोळ्या घ्यायच्या. गोळ्या त्यांनी लिहूनच दिल्या, आणि आजोबांनी त्या आणून ठेवल्या. मी एक बाटली उकळून घेतली, वाळवली, तीत दूध दिलं, आणि आजोबा ती सायकलवरून धंतोलीच्या लॅबमध्ये देऊन आले.

निकाल येईपर्यंत माझ्या मनात एकच होतं. तुमची आई जन्मली तेव्हा अगदी लहानखुरी होती. तिला ओढायचं जमत नव्हतं, आणि कसंबसं आत्ताच जमू लागलं होतं. आमच्याच गल्लीत बाटलीवरची बाळं उन्हाळ्यात जुलाबांनी कशी वाळून जातात ते मी पाहिलं होतं. माझं दूध एकदा आटलं की ते परत आणता येणार नव्हतं.

निकालात जंतू निघाले. आजोबांनी कागद वाचला आणि घडी करून खिशात ठेवू लागले, पण सासूबाई दारातच होत्या.

"काय लिवलं हाय त्यात?"

"दुधात जंतू आहेत म्हणे."

"जंतू म्हंजे दह्यातले ते?"

त्या माझ्याकडे वळल्या. "ताक पेली काय वं तू?"

"मी दिलं, आई," आजोबा म्हणाले. "एकच गडवा."

"एकच गडवा. वा गा. आफिसात फायली पाह्यतं अन् घरी बाळंतिणीले ताक पाजतं. तुले काय समजते बाळंतपणातलं? तू सोता कसा झाला ते तरी आठवते काय?"

एरवी मी हसले असते. पण त्यांनी माझ्या कुशीतून तुमच्या आईला झटकन उचललं आणि उराशी घट्ट धरलं. त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. बाळाला खांद्यावर टाकून त्या म्हणाल्या, "आता हिले पाजू नको. तू गोई घे."

बाळ भुकेने रडू लागलं. त्या आवाजासरशी माझं पोलकं दोन्ही बाजूंनी भिजलं. गोळी आजोबांच्या हातात होती आणि ते तिच्याकडे बघत उभे होते. मी म्हटलं, गोळी घेईन, पण ज्यांच्या हातून बाळंतपण झालं त्या डॉक्टरीणबाईंना आधी विचारून. आजोबांनी गोळी टेबलावर ठेवली आणि रिक्षा आणायला गेले.

सवा महिना झाल्याशिवाय बाळंतीण उंबरठा ओलांडत नाही, असं सासूबाई दोनदा म्हणाल्या. मग स्वतःच माझ्या कानांना मे महिन्यात लोकरी स्कार्फ बांधला, बाळाला जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळलं आणि सायकलरिक्षात माझ्याआधी चढून बसल्या.

धंतोलीतल्या त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात रामटेकपासूनच्या बाया शिदोऱ्या घेऊन बसलेल्या असायच्या. डॉक्टरीणबाई वयाने सासूबाईंच्या बरोबरीच्या, बोलायला रोखठोक. त्यांनी आधी माझा स्कार्फ सोडून टेबलावर ठेवला. मग तपासलं, कागद वाचला, आणि विचारलं, "ही खाते काय?"

सासूबाईंनी अभिमानाने सगळं सांगितलं.

"छान. माझ्या बाळंतपणात मला कुणी एवढं केलं नाही. आणि पाणी?"

"औषधापुरतं."

"तुम्ही स्वतः सकाळपासून किती प्यायलात?"

"मी काय बाळंतीण हाय?"

"म्हणूनच विचारते. तुम्ही एकटीचं पिता, हिला दोघींचं प्यायचं आहे. विहिरीत पाणी नाही आणि मोट चालवताय तुम्ही."

मी मध्येच विचारलं, "पण दुधातले जंतू?"

"तुझ्या अंगावर आहेत, या बाळाच्या तोंडात आहेत, माझ्या या टेबलावर आहेत. दूध बाहेर काढलं की त्यात येणारच. पुस्तकं म्हणतात, आईचं दूध अगदी निर्जंतुक असतं. मला ते कधी पटलं नाही. तापाचं औषध मी देते. ते घ्यायचं, शेकायचं, आणि पाजायचं. दुखऱ्या बाजूनेच आधी. दूध मोकळं झालं की गाठ विरेल. त्या दुसऱ्या गोळ्या फेकून द्या."

मला रडू आलं. सासूबाई मात्र उठल्या नाहीत. बाळाच्या पाठीवर हात फिरवत त्यांनी विचारलं, "बाई, ताकानं लेकरू मरते काय?"

"कुणाचं?"

"माह्यं. पयली पोरगी. हा पोरगा तिच्या मागून झाला. थंडीचे दिवस होते. मी कोणाले न सांगता ताक पेली होती. मंग तिले खोकला झाला."

मी त्या घरात सून म्हणून आल्याला काही वर्षं झाली होती. तोवर हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंना तरी ते दुसऱ्या कुणाला सांगता आलं होतं की नाही, कोण जाणे.

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. ताप होता का, श्वास भराभरा चालत होता का, बरगड्या आत ओढल्या जात होत्या का, असं एकेक विचारलं. सासूबाई प्रत्येकाला मान हलवत गेल्या.

"न्यूमोनिया असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेव्हा त्यावर चांगलं औषध नव्हतं. ताकाने तो होत नाही. तुमच्या दुधानेही झाला नाही. तुमचं दूध होतं म्हणून ती जितके दिवस जगली तितके जगली."

आता तुमच्या माहितीपत्रकाबद्दल. त्यात जे लिहिलं आहे ते मी हल्ली वाचत असते. आईच्या दुधात तिचे स्वतःचे जंतू असतात आणि त्यांतले काही बाळाच्या पोटात जाऊन वस्तीला राहतात, असं आता शास्त्रज्ञ मानतात. आईची तब्येत, तिचं खाणं, तिने घेतलेली औषधं, बाळंतपण कसं झालं, या सगळ्यांचा त्यांच्याशी संबंध दिसतो. मात्र कशाचा किती, हे अजून नीट उलगडलेलं नाही, आणि दही खाल्लं की त्यातलेच जंतू सरळ दुधात उतरतात इतकं ते सोपंही नाही. म्हणून थोरले, जंतू आहेत हे वाचून घाबरू नकोस. तहान लागेल तेव्हा पाणी पी, भाज्या, डाळी, फळं सगळं खा, आणि कुठे दुखलं, लाल झालं, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. लाडू मी पाठवते आहे. ते औषध म्हणून नाहीत.

त्या दिवशी घरी परतल्यावर सासूबाई रिक्षातून उतरून सरळ वर आल्या, माझ्या खोलीच्या खिडकीतल्या चिंध्या काढल्या आणि ती उघडली. गरम वारा आला, पण वारा आला. मग तांब्याभर पाणी माझ्या उशाशी ठेवलं आणि तवा गरम करून कापडाच्या घडीने शेकायला बसल्या. शेकून झाल्यावर त्या बोटांनी गाठीच्या कडेकडेने इतक्या हलक्या हाताने दाबत गेल्या, की ज्या जागी मला कपडा सोसत नव्हता तिथे त्यांचा हात सोसला.

"घे आता," म्हणाल्या.

मी तुमच्या आईला दुखऱ्या बाजूला घेतलं. पहिल्या ओढीला माझ्या पायांची बोटं वळली. ती सोडून द्यायची, पुन्हा शोधायची, चिडून रडायची. सासूबाईंनी तिच्या डोक्यामागे तळवा धरला आणि कानाशी पुटपुटत राहिल्या, "पे माय, पे. तुह्यंच हाय." आणि मग तिला लय सापडली. तिच्या गळ्यात घोट उतरल्याचा बारीक आवाज आम्हा दोघींना ऐकू येऊ लागला. थोड्या वेळाने मला जाणवलं की आतलं काहीतरी सैल होतं आहे.

बाळ पीत होतं, आणि सासूबाईंनी तिच्या डोक्याखालचा हात काढला नाही. माझ्याकडे न बघता त्या बोलू लागल्या. त्यांच्या मुलीचे केस जन्मतःच कुरळे होते. तिला डावीच बाजू आवडायची, उजवीला लावलं की तोंड फिरवायची. दूध पिताना तिचा एक हात वर असायचा, सासूबाईंच्या हनुवटीवर. बाळंतपण उमरेडला माहेरी झालेलं, तिथे मागाचा आवाज बंद झाला की ती जागी व्हायची. नाव ठेवायचं राहूनच गेलं, पण मनात एक ठरवलेलं होतं. ते त्यांनी मला सांगितलं.

दाराशी तुमचे आजोबा आले होते. त्यांनीही ते ऐकलं. सासूबाईंनी त्यांना पाहिलं आणि थांबल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "बस गा. तुह्या बहिणीचं सांगून राहिली."