काळ्या मातीवरचा आळ

रिसोडमध्ये माझ्या हातच्या न्हाण्या आजही दाखवता येतील. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. फरशी बसवली की सांधे भरण्याआधी मी दारापाशी तांब्याभर पाणी ओतायचो. ते कुठेही न थांबता कोपऱ्यातल्या जाळीपर्यंत गेलं, म्हणजे ढाळ बरोबर बसला, तरच थापी धुवायची. या कामाचा मला अभिमान आहे. फक्त स्वतःच्या घरात तो तांब्या मी ओतला नाही.

वाशीमला एका लग्नघराचं काम अडलं होतं. घरची न्हाणी मी एका दुपारीत उरकली आणि बस पकडली. परत आलो तर अंघोळीचं पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराशी येत होतं. बायकोनं विचारलं तेव्हा म्हणालो, "काळी माती हाये. खाली बसली." आमच्याकडे काळ्या मातीवरची घरं खचतातच, त्यामुळे हे कुणालाही पटतं. तिलाही पटलं. फोडून पुन्हा करावी, तर गवंड्याच्याच घरची न्हाणी चुकली हे गल्लीभर झालं असतं. मग सव्वीस वर्षं प्रत्येक अंघोळीनंतर तिनं खराट्यानं पाणी उलटं लोटलं.

यंदा तिचे गुडघे धरले, म्हणून न्हाणी नव्यानं करायचं ठरलं. तिनं खडू घेऊन जुन्या फरशीवर नकाशा काढला. बसायला ओटा, त्याची उंची भिंतीवर रेघ मारून दाखवलेली. हात लांबवला की लागेल तिथे तोटी. उठताना धरायला दांडा. सगळी मापं तिनं स्वतः बसून, उठून घेतली होती. इतक्या न्हाण्या बांधल्या, पण मला हे सुचलं नसतं.

मिस्त्री आला. माझ्याच हाताखाली शिकलेला, आता त्याचीही दाढी पांढरी झालेली. त्यानं नकाशा पाहून मान हलवली.

"काकू, ओटा नाही जमत. तुमची जमीन खचते ना. वर्षात तडकून जाईन."

"मंग मी बसू कुठं?"

"प्लास्टिकचा स्टूल ठेवा."

"स्टुलावरूनच तं पडली मी मागच्या महिन्यात."

त्यानं मापाचा टेप गुंडाळला. तिनं पायानं ओट्याची रेघ पुसायला घेतली.

"पुसू नको," मी म्हणालो. "जमीन खचली नाही. म्याच ढाळ उलटा देल्ला होता."

मिस्त्री छताकडे पाहू लागला.

"म्हंजे इतकी वर्षं मी फुकट मातीले शिव्या देल्या?"

"हो."

"सांगतलं काहून नाही?"

"लाज वाटे."

"मले पाणी लोटतानी पाहून नव्हती वाटत?"

माझी नजर कोपऱ्यातल्या खराट्यावर गेली.

"भिंतीले एक तडा नाही उस्ताद," मिस्त्री हळूच म्हणाला. "जमीन खचली असती तं भिंत तडकली असती. मलेच समजाले पायजे होतं."

तिनं त्याच्याकडून टेप घेतला. "ओटा इथंच होईन. ढाळ तू दे. हे फक्त फरश्या भिजवतीन. आन् तांब्या मी ओतीन."

फरश्या भिजवणं हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशीच्या माणसाचं काम. मी मान डोलावली. तिनं पुसट झालेली रेघ पुन्हा ओढली आणि दांडा किती उंचावर हवा ते मिस्त्र्याला समजावू लागली. मी दारात उभा राहून ऐकत होतो. चाळीस वर्षांत इतका चोख ठेकेदार मला भेटला नव्हता.