आईच्या कमरेवर पाय

१२ जुलै, शनिवार. रक्कम सातशे रुपये. हजर: माझी आई, वय अठ्ठ्याहत्तर, माझी बायको, मी, आणि घरी येऊन तपासणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी. पैसे मी दिले. ती जिना उतरायच्या आत आई म्हणाली, "मालिशसुद्धा केलं नाही. नुसतं पालथ्या झोपा म्हणते. पालथं झोपायचे सातशे?"

आई विठ्ठलवाडीच्या चाळीत एकटी राहते. वडील गेल्यानंतरही तिने ती खोली सोडली नाही. मे महिन्यात तिच्या डाव्या कुल्ल्यातून घोट्यापर्यंत कळ जाऊ लागली, तेव्हा मी तिला अंबरनाथच्या पुढे हेंद्रेपाड्याला आमच्याकडे आणलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही, छत्तीस पायऱ्या. त्या चढायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली.

उल्हासनगरच्या हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय पाहिला. मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेली आहे, आत्ता ऑपरेशनची गरज नाही, असं सांगितलं. लघवीवरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल फरपटू लागलं तर त्याच दिवशी या, नाहीतर चालवा, व्यायाम द्या. "अंथरुणात ठेवू नका," हे त्यांनी दोनदा सांगितलं. आम्ही अंथरुणातच ठेवलं. बायको पाण्याचा पेलासुद्धा हातात नेऊन द्यायची. भेटायला येणारा प्रत्येक जण "आराम करा" म्हणायचा, आणि आम्हाला ते मायेचं वाटायचं. दोन महिन्यांत आई पलंगापासून संडासापर्यंत, म्हणजे अकरा पावलांवर आली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात चाळीतून फोन आला. खोली भाड्याने द्यायची का, चांगलं कुटुंब आहे. विचार करून सांगतो, असं मी म्हणालो. आईने ऐकलं होतं.

"माझी खोली देणार?"

"तू बरी झालीस तर नाही."

"आणि नाही झाले तर?"

मी फोन चार्जिंगला लावला. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि रात्री जेवली नाही. त्यानंतर मी फिजिओथेरपिस्टला बोलावलं.

व्यायाम साधा होता. पालथं झोपायचं, दोन मिनिटं पडून राहायचं, मग हळूहळू कोपरांवर छाती उचलायची. दिवसातून चार वेळा, आणि अधूनमधून चालणं. पण आई काही केल्या पालथी होईना. श्वास कोंडतो, पोट दाबतं, सुनेसमोर कसं दिसतं, अशी रोज नवी कारणं. मंगळवारी सकाळी ती मला म्हणाली, "तू पायाळू आहेस. एकदा पाय लाव."

मी जन्मलो तो पायांकडून. अशा माणसाचा पाय कमरेला लागला की उसण जाते, अशी समजूत आहे. लहानपणी चाळीतल्या बायका मला न्यायला दाराशी यायच्या आणि वडील त्यांना परत पाठवायचे. "नवस सोडले, गंडेदोरे सोडले, उतारे सोडले. आता पोराची लाथ धरून बसू काय?" म्हणायचे. रविवारी विहारात जाणारा, शब्दाचा पक्का माणूस. त्यांच्या हयातीत मी कुणाला पाय लावला नाही, नंतरही नाही. माझा त्यावर विश्वास नाही. आणि आईला पाय लावायचा हे तर मला सुचलंही नसतं.

"आई, मी तुला पाय लावू?"

"मीच सांगतेय ना. पाप लागलं तर माझ्या नावावर."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, एवढा पाय चालत असेल तर माझ्या मानेलाही लावा. कधीची धरलीय."

मी फिजिओथेरपिस्टला फोन करून खरं ते सांगितलं. ती आधी हसली. मग म्हणाली, "काका, पाय लावायला आजींना पालथं झोपावं लागेल ना?"

"हो."

"मग लावा की. पण नुसता टेकवा हं. वजन अजिबात टाकायचं नाही."

बुधवारी सकाळी मी पाय साबणाने धुतला. आईच्या पावलांना हात लावून नमस्कार केला. ती आपणहून पालथी झाली, कुरकुर नाही, कारण नाही. मी खिडकीचं ग्रिल दोन्ही हातांनी धरलं, सगळं वजन उजव्या पायावर घेतलं आणि डावं पाऊल तिच्या कमरेवर टेकवलं. पातळाखाली तिची हाडं लागली. लहानपणी याच कमरेवर बसून मी नळापर्यंत जायचो. माझे डोळे भरून आले, पण ग्रिल सोडता येत नव्हतं.

"गार आहे पाय," आई म्हणाली.

"हलू नकोस. दोनशेपर्यंत मोजतो. मग कोपरांवर उठायचं."

"हे कोपराचं तुम्हा पायाळूंच्यात असतं?"

"असतं."

मी एवढंच खोटं बोललो. मग दिवसातून चार वेळा दोनशे मोजायचो. कामावर असलो की बायको पाय न लावताच मोजायची. आई म्हणायची, सकाळचा गुण दिवसभर पुरतो.

कळ कुठवर जाते ते आईने बोटाने दाखवायचं आणि मी कुल्ल्यापासून तिथवर शिलाईच्या टेपने मोजायचं, असं ठरलं. पहिल्या दिवशी घोट्यापर्यंत, बहात्तर सेंटीमीटर. नवव्या दिवशी पोटरी, पंचावन्न. वीस दिवसांनी गुडघ्याच्या वर, चौतीस. कमरेत मात्र जास्त दुखायला लागलं. मी घाबरलो. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, दुखणं पायातून वर सरकतंय, हे चांगलं लक्षण आहे.

ऑगस्टच्या शेवटी आई बायकोच्या मदतीला म्हणून पाटावर दीड तास मेथी निवडत बसली. संध्याकाळी टेप पुन्हा बहात्तरवर. ती रडली. "तुझ्या पायातलं सरलं," म्हणाली. "दे ती खोली." त्या रात्री मी चाळीत फोन करून सांगितलं, खोली द्यायची नाही, पुन्हा विचारू नका. आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. सकाळी मी पाय धुऊन आलो तेव्हा ती आधीच पालथी झाली होती.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कळ कुल्ल्यातच राहिली, अकरा सेंटीमीटर. आई छत्तीस पायऱ्या चार मिनिटांत उतरू लागली. आता प्रश्न असा होता की विठ्ठलवाडीला माझा पाय नसणार. तेव्हा सांगणं भाग होतं.

"आई, गुण पायाचा नाही. पालथं झोपून कोपरांवर उठायचीस ना, त्याचा."

"म्हणजे फसवलंस मला?"

"पाय खरा होता. कोपराचं त्या मुलीचं होतं."

तिने टेप गुंडाळून उशाशी ठेवला. मग म्हणाली, "तुझा बाप असता तर पहिल्याच दिवशी सांगून मोकळा झाला असता. आणि मी अजून पलंगावर असते."

त्यानंतरचा आठवडा तिने एकटीने व्यायाम केला. मोजणं तिचं, उठणं तिचं. मी दाराशी उभा राहायचो. सवयीने दोन वेळा पाय धुतला. सात दिवसांत टेप अकराच्या पुढे गेला नाही. आठव्या दिवशी तिने पिशवी भरली. आणखी राहा, असं बायको म्हणाली. मीही म्हणालो, पण हळू.

५ ऑक्टोबर, रविवार. स्टेशनचा जिना नको म्हणून रिक्षा केली. एका वेळी वीस मिनिटांपेक्षा जास्त बसायचं नाही, म्हणून अंबरनाथला उतरून आईला पाच मिनिटं चालवलं, उल्हासनगरमध्ये पुन्हा पाच. रिक्षावाला वैतागला होता, पण आईने त्याला त्याच्या आईची कंबर कशी आहे ते विचारलं आणि तो बोलायला लागला. चाळीच्या तोंडाशी तो त्याच्या आईला पालथं झोपवायचं कसं ते नीट विचारून घेत होता, आणि आई त्याला दोनशे मोजायला सांगत होती. पायाचं काही बोलली नाही.

मी खिशात हात घातला. "राहू दे," ती म्हणाली. "माझ्या घरी मी आलेय." रिक्षाचे साडेचारशे आणि दोनदा थांबल्याचे पन्नास, एकूण पाचशे रुपये. आईने रिक्षावाल्याला दिले.