तेल फेकणारी गाडी

गॅरेजमधले किस्से इंजिनावरच्या मळीसारखे असतात. कुणी मुद्दाम साठवत नाही. दर रविवारी थोडी धूळ, थोडं तेल, आणि एक दिवस बघावं तर बोटभर थर! अकोल्याच्या रफिकभाईंच्या गॅरेजात आमचा असा थर बराच जमला आहे. आमचा म्हणजे माझा नवरा सुधाकर, वरूडचे संत्रा बागाईतदार ठाकरे काका, स्वतः रफिकभाई, आणि चहाच्या निमित्ताने जाऊन बसणारी मी.

मागच्या वर्षी सुधाकर गेला. त्याची मोटरसायकल गॅरेजच्या कोपऱ्यात उभी राहिली. "उभी गाडी सडते, वहिनी. विकून टाकू," दीर दर भेटीत म्हणायचे. मला ती विकायची नव्हती. पण चालवता येत नाही तर ठेवायची कशाला, हेही ते दर वेळी विचारायचे. शेवटी "आणा गिऱ्हाईक," म्हणून मोकळी झाले.

* * *

त्या गाडीला एकच खोड. तेल फेकायची! त्याचं कारण मी गॅरेजात गेले त्या पहिल्याच रविवारी रफिकभाईंनी मला समजावलं.

"भाभी, पिस्टन खाली आला का इंजिनच्या पोटातली हवा दबते. तिले बाहेर जायले एक नळी असते, ब्रीदर. वाट नीट नसली का हवा तेल घेऊनच निघते. अन् उडते सुधाकरभाऊच्या पँटवर!"

"आमच्या घरीही हेच होते," सुधाकर म्हणाला. "हिले बोलू नाही देल्लं का सारं माह्या अंगावर!"

ती नळी सुधारणं हाच तेव्हापासून तिघांचा रविवार झाला.

* * *

तेल साठावं म्हणून ठाकरे काकांनी आपल्या, तशाच तेल फेकणाऱ्या गाडीच्या नळीला सलाईनची रिकामी बाटली जोडली आणि ती हँडलला टांगली. वरूडच्या बाजारातून निघाले, तर लोक बाजूला होऊन वाट देऊ लागले. एका ओळखीच्याने थांबवून विचारलंच, "काका, कोन शिरेस हाय?"

"गाडी!" काका म्हणाले. "ॲडमिट कराले नेऊन राहिलो."

* * *

एकदा सुधाकरने रफिकभाईंना न विचारता नळीत वन-वे व्हॉल्व्ह बसवला. हवा बाहेर जाईल, आत येणार नाही, असा बेत. बसवला उलटा! हवा आत जायची, बाहेर निघायची नाही.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला भाचीचं लग्न. साहेब पांढऱ्या पँटमध्ये. बडनेऱ्याच्या अलीकडे कोंडलेल्या हवेने इंजिनाचं सील सुटलं आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत काळा!

लग्नाच्या फोटोत सगळे सरळ उभे आहेत, हा एकटा तिरपा. भाचीच्या सासरी अजून समजतात, मामांना कंबरेचा त्रास होता.

* * *

मग रफिकभाईंनी नळी लांब करून सीटखाली नेली. चाचणी घाटातच घ्यायची म्हणून आम्ही चिखलदऱ्याला गेलो. वर ढग उतरले होते. गाड्या दिसेनात, नुसती निवत जाणाऱ्या इंजिनांची टिकटिक ऐकू येई. ढग चाकांच्या आऱ्यांतून जात होता, माझ्या पदरातून जात होता. मला वाटलं, कुणाला तरी स्वप्न पडलं आहे आणि त्यात आपण चौघं बसलो आहोत. त्याने जागं होऊ नये.

तेवढ्यात ढगातून काकांचा आवाज, "रफिक, तेल पाय बरं! दुधाची कॉफी झाली!"

खरंच, नळीतून ओली हवा शिरून तेल पांढरट, फेसाळ झालं होतं.

"इथं कॉफीच पिकते, काका," रफिकभाई म्हणाले. "गाडीले इथलं पानी लागलं!"

* * *

गावोगावी शेतकरी फवारणीचं औषध पिऊन जीव देत होते, त्या वर्षांत गॅरेजात कापसाचा विषय कुणी काढत नसे. एकदा तेल्हाऱ्याकडचा एक जण नळीला लावायला फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली घेऊन आला. जाड, घट्ट झाकणाची. रफिकभाईंनी ती घेतली, मागच्या अंगणात नेली आणि ठेचून टाकली. परत आले ते घरातली सरबताची बाटली घेऊन.

"हे लाव."

"काहून? ते तर मजबूत होती."

"चहा पे तू."

त्याने रफिकभाईंकडे पाहिलं आणि कप उचलला.

* * *

सुधाकर गेल्यावर रफिकभाईंनी कुणाला न सांगता त्याच्या गाडीचं काम पुरं केलं. इंजिन इतकं कोरडं झालं, की त्यावर पोळी ठेवून खावी.

आणि दीर गिऱ्हाईक घेऊन आले. पन्नाशीचा, शांत माणूस. गाडीभोवती फिरला, टाकीवरून हात फिरवला. गाडी त्याला आवडली, हे मला दिसत होतं.

"काही खोड?" त्याने विचारलं.

'एक थेंब पडत नाही' असं परवाच दिरांना सांगणारे रफिकभाई म्हणाले, "तेल फेकते."

"लय फेकते!" ठाकरे काका म्हणाले. "मांगून येनारा घसरून पडते!"

दीर बघतच राहिले. "अहो रफिकभाई, परवा तर तुम्हीच..."

"परवा गाडी थंड होती."

माणूस माझ्याकडे वळला. "ताई, तुमी सांगा."

"फेकते," मी म्हणाले. "पहिल्यापासूनच."

तो उकिडवा बसला. इंजिनाच्या खालून, कडेकडेने बोट फिरवलं. उजेडात धरून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. उठून खिशातून रुमाल काढला, ते कोरडं बोट सावकाश, नीट पुसलं आणि दिरांना म्हणाला, "नाही जमत, भाऊ. लयच तेल फेकते हे."