सुचवून ठेवा, सिस्टर

सरोजिनीबाई आमच्या वॉर्डाच्या सिस्टर. राहायला नारायण पेठेत, एकट्याच. अडुसष्ट साली मी शिकाऊ नर्स म्हणून त्यांच्या हाताखाली गेले आणि पहिल्याच आठवड्यात एक शब्द शिकले, सुचवणं. रोगी हाताबाहेर गेला की डॉक्टर हलक्या आवाजात म्हणायचे, "घरच्यांना सुचवून ठेवा, सिस्टर." मरणाचं नाव वॉर्डात कुणी काढायचं नाही, असा रिवाज होता.

बाईंची सुचवण्याची रीत ठरलेली. "आता पथ्य सोडा. मनाला येईल ते खाऊ घाला." पेठेतली माणसं एवढ्यावर समजायची आणि नातेवाइकांना कळवायला निघायची.

फाल्गुनात लोणी काळभोरच्या सोजरबाई आल्या. कावीळ, पोटात पाणी झालेलं. नवरा गेनबा दिवसभर दाराशी उकिडवा बसून असे. एकुलती लेक मथुरा पाटसला दिलेली, आणि सोजरबाईंचा तिच्यासाठी जप चाललेला. मंगळवारी डॉक्टरांनी बाईंना ते वाक्य सांगितलं. बाईंनी गेनबाला आपलं वाक्य सांगितलं.

गेनबाने हात जोडले. "पथ्य सुटलं? पांडुरंग पावला म्हना की!"

बाई घुटमळल्या. "तसं... तुम्ही त्यांच्याजवळ बसा," म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. मला खटकलं होतं. पण शिकाऊ मुलीने काय बोलायचं?

बुधवारी सकाळी गेनबाने भाकरी नि ठेचा आणला. सोजरबाईंना घोटभर पाणी जाईना.

"लेक कधी येतेय?" बाईंनी विचारलं.

"मथी? आजच येनार हुती. म्या कालच निरोप धाडला, पथ्य सुटलंय, येऊ नगं. तिकडं कांदा काढायचा चाललाय. आता पाडव्याला आईच जाईल तिच्याकडं."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी गेनबाला बाहेर नेलं. मी औषधांचा ट्रे घेऊन मागेच होते.

"गेनबा, नीट ऐका. सोजरबाई वाचायच्या नाहीत. एखादा दिवस, फार तर दोन. मथुराला आत्ता बोलवा."

तो त्यांच्याकडे बघतच राहिला. "काल तर तुमीच..."

"मी चुकले. चला, तार करू."

तारेचा मजकूर बाईंनी स्वतः लिहिला, आई मरणाच्या दारी, आज ये. परत आल्या तर डॉक्टर उभे. "मी सुचवायला सांगितलं होतं, सिस्टर. जाहीर करायला नाही."

"सुचवून पाहिलं, डॉक्टर. लेक घरीच राहिली."

डॉक्टर निघून गेले. दुपारभर बाई त्या खाटेपासून हलल्या नाहीत. सोजरबाई ग्लानीतच "मथे, आलीस का गं?" म्हणायच्या. गेनबा सांगायचा, "निघाली, निघाली." तार पोचली की नाही, कुणाला ठाऊक? मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होते. दोनदा विसरले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. चारच्या सुमाराला सोजरबाईंचं बोलणं बंद झालं.

मथुरा आली तेव्हा दिवेलागण झाली होती. लुगड्याला माती तशीच. तिने हाक मारली. आईने डोळे उघडले, लेकीचं मनगट धरलं, ओठ हलवले. शब्द काही उमटला नाही.

बऱ्याच वेळाने मथुराने विचारलं, "बाई, तुमाला कवापासनं म्हाईत हुतं?"

"कालपासून."

"मंग कालच सांगायचं हुतं की. बोलली असती माझ्यासंगं."

"हो," सरोजिनीबाई म्हणाल्या. "कालच सांगायला हवं होतं."

मथुराने मान फिरवली. मनगट मात्र आईच्या हातातून सोडवून घेतलं नाही. सोजरबाई पहाटे गेल्या.