वाय दाबा, काका

जासईच्या पुढे एक कंटेनर यार्ड आहे, तिथल्या ऑफिसचे कॉम्प्युटर मी सांभाळते. राहते कामोठ्याला. काम काय, तर लोकांचा झेड ड्राइव्ह गेला की तो परत आणायचा. झेड म्हणजे सगळ्यांच्या फाइलींचं सामायिक कपाट. ते सर्व्हरच्या खोलीत असतं आणि नेटवर्कवरून प्रत्येकाच्या कॉम्प्युटरला जोडलेलं असतं. "मॅडम, झेड गेला," असं लोक मला सांगतात, घरातलं कोणी वारल्याच्या आवाजात. मी स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करते, झेड उठून बसतो. आभार कोणी मानत नाही. मला गरजही नाही, असं मी स्वतःला बरेचदा सांगते.

यंदा जुनं कपाट जाऊन नवं आलं. महिनाभर आधी मी सगळ्यांना मेल टाकला होता: ऑफिसच्या फाइली मी हलवते, खासगी काही असेल तर आपापलं काढून घ्या. लाल अक्षरांत टाकला होता. आमच्याकडे मेल वाचणं कमीपणाचं समजतात.

मग एकेकाला फोन लावून जुन्याची जोडणी तोडायला लावली. शेवटचे राहिले गेटवरचे काका. गेटच्या केबिनमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरची नोंद तेच करतात. इथल्याच गावचे, आगरी. एका बोटाने टाइप करतात, आणि प्रत्येक अक्षर आधी मोठ्याने बोलून मगच दाबतात. घाईच्या माणसाने त्यांच्याशी फोनवर काम करू नये. मी घाईची आहे.

"काका, लिहा. नेट, स्पेस, यूज, स्पेस, स्टार, स्पेस, स्लॅश, डिलीट."

"डिलीट?" काका दचकले.

"अहो, जोडणी तुटते फक्त. फाइली जागच्या जागी राहतात. मी आहे ना!"

पलीकडे ट्रेलर रिव्हर्स घेत होता, त्याची टीं-टीं चालू होती. काकांनी एकेक अक्षर बोलत ओळ पुरी केली. कॉम्प्युटरने विचारलं, खरंच तोडायचं का, वाय की एन?

"वाय दाबा, काका."

आता काकांना वाय सापडायला वेळ लागणार. माझ्यासमोर यादी होती, तिच्यात प्रत्येकाच्या नावापुढे एक प्रश्न होता. म्हटलं, तेवढ्यात तोही उरकून घेऊ. "जुन्यावर तुमचं स्वतःचं काही नाही ना?"

"हाय."

मी ऐकलं, वाय. आता ह्याला काय म्हणावं! आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, माझी आजी जन्मभर हायच म्हणत आली. घरी मला हाय कळतं. ऑफिसात बसले की कळत नाही.

"छान. एंटर मारा," मी म्हणाले, आणि यादीत त्यांच्यापुढे टिक केली.

मग जुन्या कपाटाच्या डिस्क पुसायला लावल्या. आमच्या धंद्यात पुसणं म्हणजे नुसती फाइल काढणं नव्हे. सगळीकडे शून्यं लिहायची, म्हणजे कोणाचा बाप आला तरी काही परत मिळत नाही. हा नियम मीच बनवलाय, आणि त्याबद्दल साहेबांनी मीटिंगमध्ये माझं कौतुकही केलं होतं.

संध्याकाळी निघायच्या बेतात होते तर काका दारात. हातात नवा पेन ड्राइव्ह, पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं.

"माजा फोल्डर यात टाकून द्या ना, मॅडम."

"कुठला फोल्डर?"

"सकाली सांगितला ना. तुमी विचारलात, मी बोललो हाय. तुमी बोललात छान."

मी धावत सर्व्हरच्या खोलीत गेले. स्क्रीनवर काम पूर्ण झाल्याची ओळ होती. तरीही मी केबल उपटली. आता उपटून काय उपयोग, गाढवासारखी!

परत आले आणि विचारलं, "काय होतं त्यात, काका?"

"आयचे धवले."

आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. लग्नाच्या एकेका विधीला ती जी गाणी म्हणते, ते धवले. काकांची आई धवलारीण होती, आसपासच्या गावांतून तिला बोलावणं यायचं. ती अंथरुणाला खिळली तेव्हा काकांनी तिचं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. पुढे मोबाइल बिघडायला लागला म्हणून ते झेडवर आणून ठेवलं. ऑफिसची वस्तू, कुठे जातेय! आई गेली, मोबाइलही गेला. आता पोरीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. मांडवात आजीचाच आवाज लावायचा, असं ठरलेलं.

मी दोन दिवस त्या डिस्कशी झटले. माझा नियम चोख निघाला. सगळीकडे शून्यं.

तिसऱ्या दिवशी गेटवर जाऊन काकांना स्पष्ट सांगितलं, "माझ्यामुळे गेलं. तुम्ही हाय म्हणालात, मी वाय ऐकलं. चूक माझी आहे." ते ओरडतील म्हणून मी तयार होऊन गेले होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते "असू दे" म्हणाले आणि मला खुर्ची दिली.

मला गप्प बसवेना. घरात कोणाच्या मोबाइलवर कॉपी असेल का? नव्हती. मग मी म्हणाले, "काका, तुम्ही इतक्यांदा ऐकलं असेल, तुम्हाला तर पाठ असेल. तुम्ही सांगा, मी लिहून घेते. चालीसकट कोणाकडून तरी बसवून घेऊ."

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रजिस्टर सरळ केलं.

"आय गेल्यावर मी लावलाच नाय कदी," ते म्हणाले. "हिंमतच नाय झाली. बोललो, पोरीच्या लगनात सगल्यांच्या बरोबर बसून ऐकीन."

मला तिथेच रडू फुटलं. बाहेर ट्रेलरवाला हॉर्न देत होता. काकांनी खिडकी सरकवली आणि त्याला कंटेनरचा नंबर विचारला.