ढालकाकूंचं सोनं

आयर्लंडमधल्या ॲथलोनमध्ये कित्येक थोर घराण्यांची अब्रू ढालकाकूंच्या हाती होती. घराणी बहुतेक दंतवैद्यांची आणि बिल्डरांची असत, आणि अब्रू काकूंच्या जेवणाच्या टेबलावर, भाजी निवडून झाल्यावर रंगवली जाई.

काकू नागपूरच्या, चित्रकलेच्या शिक्षिका. डॉक्टरकाकांना इथल्या इस्पितळात नोकरी लागली आणि काकू आयरिश आडनावांसाठी कुलचिन्हांच्या ढाली काढू लागल्या. काम वासराच्या कातड्यावर. म्हणून चतुर्थीला त्या फक्त कागदावर आराखडे करत. "गणपतीला सिंह चालतो, वासरू नाही," हे त्यांचं शास्त्र.

मी शेजारी. या मोठेपणाची यथेच्छ टिंगल करायचो.

"काकू, आमच्या घराण्याची ढाल कशी असेल?"

"एक खुर्ची. तिच्यावर नुसती जीभ. लाल."

सोनं लावण्याआधी त्या सरसाचा लेप देत. तो वाळला की कागदाच्या नळीतून त्यावर श्वास सोडायचा आणि लेप ओलावतो तेवढ्या क्षणात वर्ख टेकवायचा. "फुंकायचं नाही रे. आरशावर 'हा' करतोस, तसं. सोन्याला पोटातला श्वास लागतो."

मग त्यांची फुप्फुसं आकसत गेली. नाकाला ऑक्सिजनची नळी आली. टेबलावर क्लोनडॉकिनच्या एका निवृत्त बिल्डरचा सिंह अर्धाच सोनेरी झाला होता. तो पुरा करायचाच, असं काकूंनी ठरवलं. नाकातली नळी मध्ये येई, म्हणून दर वर्खाला ती काढत.

डॉक्टरकाका एकदाच म्हणाले, "अगं, त्या माणसाला सिंह नसला तरी चालेल."

"मला नाही चालणार."

त्यानंतर काका ती नळी हातात धरून शेजारी बसू लागले.

आधी दिवसाला तीन वर्ख, मग एक. शेपटीचा गोंडा राहिला तेव्हा काकूंचा श्वास लेपापर्यंत पोचेना. त्यांनी कागदाची नळी माझ्यापुढे केली. मी 'हा' केलं. त्यांनी वर्ख टेकवला.

"चहा पिऊन आलास," त्या म्हणाल्या. "असू दे. शेपटीच आहे."

त्याच आठवड्यात काकू गेल्या.

मी सिंहाला फ्रेम करून आणली, पण काकांनी ती लगेच पॅक करू दिली नाही. ते सिंहाच्या सोन्याकडे बघत बसले. नाकाची नळी अजून हातात असल्यासारखी मूठ मिटून.

महिन्याने बिल्डरची पोच आली. फ्रेम ग्रँड आहे, एवढंच त्याने लिहिलं होतं.