राखेनंतरचा तक्ता

ती दुपार आठवली की अजूनही अंगावर काटा येतो. कापसाचे भाव पडलेले, दिवस वाईट होते. दिग्रसकडच्या एका जिनिंगला, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्याला, आग लागली आणि तिथला कॉम्प्युटर ऑपरेटर आतच जळाला, असे मालकाने ठाण्यात येऊन सांगितले. राखेत ऑपरेटरचे घड्याळ सापडले, हाडे सापडली नाहीत. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद, म्हणजे मर्ग, दाखल केला.

दुसऱ्या दिवशी ऑपरेटरची बायको आली. "साहेब, माह्या माणसाचं एक हाडही नाही सापडलं. सासू म्हणते कुंकू पूस. कायले पुसू मी? नाही पुसत."

मी मर्गाची फाईल बंद न करता बाजूला ठेवली.

पुढे मालकाने विम्यासाठी जळालेल्या मालाचा तक्ता आणून दिला. कागद पाहिला आणि मी तो पुन्हा उजेडात धरला. नावे डावीकडे एका रेषेत, वजने उजवीकडे, दशांशचिन्हाखाली बरोबर दशांशचिन्ह. ठाण्यात नवा कॉम्प्युटर आला तेव्हा हाच ऑपरेटर आम्हाला शिकवायला यायचा. आमचा रायटर, म्हणजे ठाण्याचा लेखनिक, स्पेसबार दाबदाबून आकडे सरकवी. "असे ढकलू नका ना भाऊ, पडद्यावर सरळ दिसते, कागदावर पांगते," असे हसून म्हणत तो रकान्याला दशांशाचा टॅब लावून द्यायचा, की आकडे आपोआप दशांशचिन्हाखाली बसत. आमच्या भागात हे दुसऱ्या कोणाला जमत नव्हते. जिनिंगचा कॉम्प्युटर तर जळून गेला होता. मग हा मेलेला माणूस टाईप करत होता कुठे?

मालकाला बोलावले. "तक्ता कोणी केला?"

"मीच केला साहेब."

"बरं. इथं करून दाखवा."

त्याने स्पेसबार बडवायला सुरुवात केली. प्रिंट निघाली. आकडे सुटलेल्या शेळ्यांसारखे पांगले होते. मी दोन्ही कागद त्याच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. शेवटी तो पुटपुटला, "जिता आहे साहेब. बोरी अरबच्या वावरात. आग लावताना त्यानं मले पाह्यलं."

शेतातल्या खोलीला बाहेरून कुलूप होते. आत कॉम्प्युटरसमोर ऑपरेटर बसलेला. आम्ही हाक मारली तरी त्याची बोटे थांबेनात. काम संपल्यावर त्याचे काय करणार होता, हे मालकाने शेवटपर्यंत सांगितले नाही.

त्याला घरी नेले. सासू किंचाळून आत पळाली. बायको जागची हलली नाही. तिने आधी त्याचे पाय पाहिले, भुतासारखे उलटे तर नाहीत ना म्हणून. मग त्याच पायांना मिठी मारून रडली. मलाही रडू आवरले नाही.

त्यानंतरच्या नोकरीत घरच्या बाईने एकदा "नाही" म्हटले, की मी मर्गाची फाईल बंद केली नाही.